मंकच्या ‘चुका’ आणि तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळ्यात पियानो कसा उतरतो आणि लोक त्यात बल्ब का लावून ठेवतात हे सांगताना मी ओघात थेलोनिअस मंक या अमेरिकन जॅझ पियानोवादकाचं नाव घेतलं होतं. ‘ज्याचा पियानो सुरात लावलेला असला तरी लोकांना बेसूर वाटतो असा माणूस’, एवढंच एक वाक्य. त्यावर आलेली पत्रं बघून संपादक म्हणाले, या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाका. दिलं. मी समीक्षक नाही. मुंबईत शाळांचे, चर्चचे, हॉटेलांचे आणि घरोघरचे पियानो सुरात लावण्यात माझं आयुष्य गेलं. उत्तरं त्याच बाजूनं येतील, सांभाळून घ्या.

सांगलीहून एक हार्मोनियमवादक: तुमचं वाचून मंक ऐकला. खरं सांगतो, बोट घसरतंय असं वाटलं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या जातात, मध्येच हात थांबतो. आमच्या गुरुजींनी अशा वेळी पेटी मिटून बाजूला ठेवली असती. कौतुक नक्की कशाचं करायचं?

गुरुजींचं चुकलं नसतं. पण घसरलेलं बोट ओळखायची एक सोपी खूण आहे: ते पुढच्या वेळी दुसरीकडे घसरतं. मंकचं ‘घसरणं’ वर्षानुवर्षं त्याच जागी होतं. ‘राउंड मिडनाइट’ ही त्याची सर्वांत गाजलेली रचना. १९५७ च्या एप्रिलमध्ये तो ती स्टुडिओत एकटा वाजवत होता, तेव्हा टेप चालूच राहिली आणि पुढे ती बाहेर आली. वीस मिनिटांहून जास्त वेळ तो एकाच रचनेशी झगडतोय. एक स्वरसमूह, म्हणजे एकदम दाबलेले काही सूर, घेतो, थांबतो, नापसंत करतो, मागे येतो, त्यातला एकच स्वर बदलून पुन्हा घेतो. आपल्याला जी चूक वाटते ती या माणसानं अशी पारखून घेतलेली असते. ही टेप ऐकलीत तर माझं बाकीचं उत्तर वाचलं नाहीत तरी चालेल.

तरी वाचा, कारण पेटीवाल्याला हे पटकन कळेल. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, निघत नाही, हे आपलं जुनं दुखणं. पियानोचंही तेच. प्रत्येक पट्टीचा सूर तारेत बांधलेला, मधली जागा नाही. आणि काळ्या अमेरिकन लोकांच्या ब्लूज गायकीत जीव आहे तो नेमका त्या मधल्या जागेत, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या दरम्यान कुठंतरी. गायकाला ती गळ्यात मिळते, ट्रंपेटवाल्याला ओठात मिळते. पियानोवाल्यानं काय करायचं? मंक दोन्ही गंधार एकदम दाबतो. दोन शेजारचे सूर एकत्र वाजले की हवेत एक थरथर उठते. आम्ही ट्यूनर ती थरथर मोजूनच तारा लावतो, म्हणून तिची मला चांगली ओळख आहे. मग तो एक बोट उचलतो. त्या पट्टीचा डॅम्पर तारांवर बसतो, तो सूर बंद होतो, शेजारचा उरतो, आणि कानाला भास होतो की सूर एकीकडून दुसरीकडे सरकला. ठोकून वाजणाऱ्या वाद्यावर ही मींडच झाली की!

दुसरी गंमत त्याच्या उतरत्या तानांची. सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि, आणि पुन्हा सा. सगळी अंतरं सारखी. पेटीवर वाजवून बघा. पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे षड्जाला टेकायला काहीच उरत नाही. वरच्या सप्तकातून तो या सुरांवरून खडखडत खाली येतो आणि भलत्याच जागी थांबतो. ही सहा स्वरांची पंगत त्याच्या आधी बऱ्याच जणांनी वापरली आहे. इतक्या उघडपणे दारातच मांडून ठेवणारा मात्र हाच.

पुण्याहून एक विद्यार्थी: काका, मला जॅझमधलं काहीच कळत नाही. मंक कोण, कुठला, कधीचा, एवढं सांगा.

जन्म १० ऑक्टोबर १९१७, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट गावात. १९२२ मध्ये आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या पश्चिमेला ६३ व्या रस्त्यावर राहू लागली. त्या भागाला सान हुआन हिल म्हणत. पुढे त्यातला मोठा भाग पाडून तिथं लिंकन सेंटर उभं राहिलं. थोरल्या बहिणीची पियानोची शिकवणी बघून बघून हा वाजवायला लागला, मग त्यालाही शिक्षक लावला. डाव्या हातानं एकदा खालचा खर्ज आणि एकदा मधला स्वरसमूह अशी उडी मारत वाजवायची स्ट्राइड नावाची हार्लेमची पद्धत आहे. तिचा बादशहा जेम्स पी. जॉन्सन याच वस्तीतला. मंक कितीही आधुनिक झाला तरी त्याचा डावा हात शेवटपर्यंत त्या गल्लीतला राहिला.

शाळा अर्धवट सोडली. सतराव्या वर्षाच्या आसपास एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर तो देशभर हिंडला, प्रार्थनासभांत वाजवत. १९४० नंतर हार्लेमच्या ११८ व्या रस्त्यावर मिंटन्स प्लेहाउसमध्ये पगारी पियानोवादक झाला. तिथं ड्रमवर केनी क्लार्क. रात्री आपापली कामं आटोपून डिझी गिलेस्पीसारखी मंडळी यायची आणि पहाटेपर्यंत झटापट चालायची. बीबॉप म्हणतात ते संगीत ज्या दोन-चार जागी उगवलं त्यातली ही एक. बाकीच्यांचं नाव झालं. मंकच्या स्वतःच्या नावाची पहिली ध्वनिमुद्रणं व्हायला १९४७ चा ऑक्टोबर उजाडला. ब्लू नोट कंपनीनं ती केली आणि विकली गेली नाहीत.

त्याच्या एकूण रचना सत्तरच्या आसपास. जॅझचा थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टन, त्याच्या हजारावर आहेत. आणि जॅझवाल्यांनी सर्वांत जास्त वेळा वाजवलेल्या रचनाकारांत एलिंग्टननंतर नाव येतं ते मंकचं. हा हिशेब तूच कर.

नाशिकहून एक आई: माझी मुलगी पियानोच्या ग्रेड परीक्षा देते. बोटं सपाट ठेवते म्हणून बाई रागावतात. तुमचा मंक तर बोटं पसरूनच वाजवायचा, असा व्हिडिओ तिनं मला दाखवला. आता काय सांगू?

पोरगी हुशार आहे. ताई, आतली गोष्ट अशी की पियानोची हातोडी तारेला लागण्याच्या क्षणभर आधी पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर आपल्या वेगानं एकटीच जाते. तिला बोट वाकडं होतं की सरळ हे कळत नाही. पट्टी किती वेगानं खाली गेली तेवढंच कळतं. म्हणजे सपाट बोटानं आवाज ‘वाईट’ होतो, हे शास्त्राला धरून नाही.

पण बाईही बरोबर आहेत. वाकलेल्या बोटानं तो वेग ताब्यात राहतो, खास करून भराभर वाजवताना. मंकला ती गुळगुळीत भराभर नकोच होती. त्याला सूर ठोकून हवा होता, म्हणून कधी एक हात दुसऱ्यावरून पलीकडे नेऊन एकच पट्टी हाणायची, कधी कोपर. अंगठ्याही जाडजूड. मुलीला परीक्षेपुरती बोटं वाकवू द्या, नंतर घरी ‘ट्रिंकल टिंकल’ ऐकवा. सपाट बोटांचा हा माणूस त्यात उजव्या हातानं काय विणतो ते ऐकल्यावर ती आपणहून जास्त रियाज करेल.

मडगावहून एक निवृत्त बँकवाले: माझे वडील मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. दारूबंदी आली, बँड गेला, ते सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात लागले. मंकवरही न्यूयॉर्कमध्ये वाजवायची बंदी होती असं वाचलं. तीही दारूपायीच का?

दारूपायी नाही. दारू जिथं विकली जाते त्या जागेपायी. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा नियम असा की मद्य मिळतं अशा ठिकाणी काम करायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यायचं. वादक असो, गायिका असो की वेटर. पोलिसांच्या मनात आलं तर कार्ड जप्त. गायिका बिली हॉलिडेचं गेलं, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं गेलं.

मंकचं गेलं ते १९५१ च्या ऑगस्टमध्ये. तो आणि त्याचा मित्र बड पॉवेल, हाही थोर पियानोवादक, गाडीत बसले होते. पोलिसांनी झडती घेतली, अमली पदार्थ सापडला. मंकनं मित्राविरुद्ध तोंड उघडायला नकार दिला. साठ दिवस तुरुंगात काढले, आणि त्याहून मोठी शिक्षा म्हणजे कार्ड गेलं. जवळजवळ सहा वर्षं त्याला राहत्या शहरातल्या क्लबांत वाजवता येईना. तुमच्या वडिलांसारखे गोव्याचे वादक निदान स्टुडिओत शिरले आणि हिंदी सिनेमाचं भलं झालं. मंकला तशी वाट नव्हती. कधी परगावचा कार्यक्रम, कधी एखादं ध्वनिमुद्रण. घर चालायचं ते बायकोच्या, नेलीच्या नोकरीवर. पदरात दोन मुलं.

आणि याच सहा वर्षांत त्यानं काय काय करून ठेवलं! ‘ब्लू मंक’ १९५४ चं. त्याच साली पॅरिसला जाऊन एकट्यानं वाजवलेली तबकडी. १९५५ मध्ये रिव्हरसाइड नावाच्या नव्या कंपनीनं आधीच्या कंपनीकडून त्याचा करार विकत घेतला. किंमत १०८ डॉलर आणि वर काही सेंट. तेवढीच रक्कम त्याच्या अंगावर उचल म्हणून निघत होती. माझ्या हिशेबानं जॅझच्या इतिहासातला हा सर्वांत स्वस्त सौदा असावा.

१९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि त्या जुलैपासून तो फाइव्ह स्पॉट नावाच्या छोट्याशा कॅफेत बसायला लागला. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. लोक रस्त्यापर्यंत रांगा लावायचे. पण गोष्ट इथं गोड होत नाही. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरच्या कार्यक्रमाला जाताना डेलावेअर राज्यात एका मोटेलमध्ये पाणी प्यायला थांबले, तिथल्या कुणीतरी पोलीस बोलावले. मंकला मारहाण झाली. गाडीत बरोबर असलेली त्याची मैत्रीण पॅनोनिका हिनं सापडलेला गांजा आपला म्हणून सांगितलं. तिला तीन वर्षांची शिक्षाही झाली, ती पुढे झडतीच बेकायदा ठरून रद्द झाली. मंकचं कार्ड मात्र पुन्हा गेलं. ही कार्डं देण्याची पद्धत १९६७ मध्ये बंद झाली. तोवर मंक पन्नाशीला आला होता.

दादरहून एक तबलावादक: लय कळत नाही. सम कुठं असते?

समेसारखी जागा म्हणजे आवर्तनाचं तोंड. ब्लूजमध्ये चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. बाकीच्या गाण्यांत बहुतेक बत्तीस खंड, त्यात आठ-आठाचे चार भाग, तिसरा वेगळा. मुखडा एकदोनदा वाजतो, मग त्याच आवर्तनावर एकेक जण विस्तार करतो, शेवटी पुन्हा मुखडा. एवढं डोक्यात ठेवून ड्रमच्या झांजेवर टाळी धरली की बसतं.

मंकची खोडी अशी की तो मुखड्यातच तुम्हाला चकवतो. ‘स्ट्रेट, नो चेसर’ घ्या. एवढासा तुकडा आहे, पेटीवाल्याला एका मिनिटात बसेल. पण तो तुकडा एकदा या मात्रेवरून उचलला, पुढच्या वेळी दुसऱ्या मात्रेवरून, कधी शेपूट जोडून, कधी छाटून. सूर तेच, वजन दर वेळी वेगळ्या सुरावर. तुम्ही तबलेवाले हे रोज करता, फक्त मुखड्यात करत नाही. ‘एव्हिडन्स’मध्ये तर मुखडा असा उरलेलाच नाही. एका जुन्या गाण्याचे स्वरसमूह घेऊन त्यावर त्यानं फक्त ठोसे ठेवले आहेत, कुठं अर्ध्या मात्रेवर, कुठं तिच्या पुढे. मधल्या रिकाम्या जागेत ड्रमवाल्यानं आणि श्रोत्यानं आपापली मात्रा मोजत बसायचं.

आणि ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’. १९५६ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित. मुखडा बावीस खंडांचा: आठ, सात, सात. एक आवर्तन ठाय, म्हणजे संथ, पुढचं दुगुन, म्हणजे दुप्पट वेगानं, परत ठाय, परत दुगुन. सॅक्सोफोनवर सॉनी रोलिन्स, ड्रमवर मॅक्स रोच, बासवर ऑस्कर पेटिफर्ड. त्या काळातले पहिल्या रांगेतले लोक. पंचवीस वेळा घेऊनही एकदासुद्धा सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट गेलं नाही. निर्माता ऑरिन कीपन्यूजनं शेवटी वेगवेगळ्या घेण्यांतले तुकडे कापून जोडले आणि तबकडी काढली. तुमच्या लयीचं काय घेऊन बसलात!

यातला रोलिन्स आपल्याला परका नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा तिथं वाजवून गेला.

चिंचवडहून: माइल्स डेव्हिस आणि मंक यांची स्टुडिओत मारामारी झाली होती का?

नाही. १९५४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ट्रंपेटवादक माइल्सनं मंकला एवढंच सांगितलं की मी वाजवत असताना तू वाजवू नकोस. दोघांनीही मारामारीचा इन्कार केला आहे. मंकच्या उंचीचा आणि रुंदीचा फोटो बघा, माइल्सचा बघा, आणि तुम्हीच ठरवा.

डोंबिवलीहून: हा माणूस विक्षिप्त होता म्हणतात. टोप्या, कार्यक्रमाच्या मध्ये उठून नाचणं. हे नाटक की वेड?

या प्रश्नाची पत्रं सर्वांत जास्त आली, आणि मला सर्वांत कंटाळा याच प्रश्नाचा आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत ‘टाइम’ साप्ताहिकानं त्याला मुखपृष्ठावर घेतलं. जॅझवाल्याला तो मान क्वचित मिळालेला. पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या टोप्या. त्याच्या कंपन्यांनीही सुरुवातीपासून हेच विकलं: गूढ बुवा, बीबॉपचा महापुरोहित.

नाचाचं सांगतो. सॅक्सोफोनवाला विस्तार करत असताना मंक पियानो सोडून उठायचा आणि जागच्या जागी गिरक्या घ्यायचा, पाय घासत. त्याचे चित्रित कार्यक्रम पाहिलेत तर एक लक्षात येईल: तो उठतो तेव्हा पियानो गप्प होतो, मागे फक्त बास आणि ड्रम उरतात, संगीताची वीण विरळ होते. आणि परत बसतो तो आवर्तनाच्या नेमक्या जागी. वाद्यमेळात एक वाद्य काढून घेणं हाही रचनेचा भाग असतो. उभ्यानं अंगात लय धरून ऐकणाऱ्या माणसाला वेडा म्हणायचं असेल तर आपल्या वारीचं काय करायचं?

आजार होता, तोही खरा. वर्षानुवर्षं त्याला मनाच्या आजाराचे झटके यायचे. दिवसचे दिवस बोलणं बंद, येरझाऱ्या, कधी रुग्णालयात राहणं. ते त्यानं आणि नेलीनं सोसलं. त्या दुखण्यातून संगीत निघालं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दुखण्याच्या दिवसांत तो फारसा वाजवत नसे. वाजवायचा तो बरा असताना, आणि बरा असताना त्याच्याइतका काटेकोर माणूस मिळणं कठीण. ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ १९५७ च्या उन्हाळ्यात नेलीवर शस्त्रक्रिया होणार होती तेव्हा लिहिली. जेमतेम एका मुखड्याची रचना, पण तिच्यासाठी तो आठवडेच्या आठवडे घासत बसला. सगळी लिहून ठेवलेली. तिच्यात कुणीही विस्तार करायचा नाही, त्यानं स्वतःसुद्धा. पुढे आयुष्यभर ती तशीच वाजवली. जॅझवाला, आणि एका रचनेत एक सूरही इकडचा तिकडे करत नाही!

एडिसन, न्यू जर्सीहून: आम्ही इथं बरीच वर्षं राहतो. मंक आमच्याच राज्यात वारला हे मुलानं सांगितलं. शेवटी तो वाजवतच नव्हता म्हणे. का?

तुमच्याच राज्यात, एंगलवुडच्या रुग्णालयात. शेवटची वर्षं काढली ती वीहॉकनला, हडसन नदीच्या काठावर, समोर मॅनहॅटन दिसतं अशा घरात. घर पॅनोनिकाचं, वर उल्लेख आला तीच. रॉथशिल्ड घराण्यातली मुलगी, संसार आणि इतमाम सोडून न्यूयॉर्कच्या वादकांत रमलेली. मंक तिला १९५४ मध्ये पॅरिसला भेटला. तिच्या घरात मांजरींचा सुळसुळाट होता. सत्तरच्या दशकात मंक तिथं राहायला गेला, नेलीही त्याची काळजी घ्यायला असायची. बॅरी हॅरिस हा पियानोवादकही त्याच घरात राहायचा आणि वाजवायचा. घरात पियानो होता. मंक जवळपास हात लावत नसे. १९७१-७२ मध्ये डिझी, आर्ट ब्लेकी यांच्याबरोबर जगाचा दौरा केला, लंडनमध्ये शेवटचं मोठं ध्वनिमुद्रण झालं, दशकाच्या मध्यापर्यंत तुरळक कार्यक्रम, मग बंद. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. आजार, औषधं, थकवा, जे दिसतं ते हे. १७ फेब्रुवारी १९८२ ला पक्षाघातानं गेला, चौसष्टाव्या वर्षी. २००६ मध्ये पुलित्झरवाल्यांनी मरणोत्तर विशेष गौरव केला. रचनाकार म्हणून द्यायचा होता तर तो हयात असताना बराच वेळ होता त्यांच्याकडे.

तुम्ही वीहॉकनला जाण्यापेक्षा मुलाला घेऊन मॅनहॅटनच्या ६३ व्या रस्त्यावर जा. तो लहानाचा मोठा झाला ती इमारत उभी आहे आणि त्या जागेला त्याचं नाव दिलेलं आहे.

ठाण्याहून एक महाविद्यालयीन प्राध्यापिका: आम्ही विद्यार्थ्यांसाठी ऐकण्याचा कार्यक्रम ठेवतोय. एकच ध्वनिमुद्रण निवडायचं तर कोणतं?

जाणकार म्हणतील, कार्नेगी हॉल, १९५७, कोल्ट्रेनबरोबरचं. ती टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली, आणि उत्तमच आहे. पण विद्यार्थ्यांसाठी मी दुसरं सुचवीन. पालो आल्टो, कॅलिफोर्निया, २७ ऑक्टोबर १९६८, रविवारची दुपार. डॅनी शेर नावाच्या सोळा वर्षांच्या पोरानं आपल्या शाळेच्या सभागृहात मंकचा कार्यक्रम ठरवला. साल बघा: मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन सहाएक महिने झालेले. पालो आल्टो गोऱ्यांचं, शेजारचं ईस्ट पालो आल्टो काळ्यांचं, दोन्हीकडे ताण. डॅनीनं पोस्टरं तिकडेही लावली. तिकडच्या लोकांचा विश्वास बसेना. ते येऊन शाळेच्या आवारात थांबले, आधी मंक दिसू दे, मग तिकीट. डॅनीचा भाऊ मंडळींना व्हॅनमधून घेऊन आला. मंक उतरला, तिकिटं खपली, दोन्ही गावं एका सभागृहात बसली.

आता माझ्या कामाचा भाग. शाळेतला एक सफाई कर्मचारी डॅनीला म्हणाला, मला ध्वनिमुद्रण करू दे, बदल्यात मी पियानो ट्यून करून देतो. शाळेचा पियानो सहसा कसा असतो ते मला विचारा! पट्ट्यांखाली अडकलेल्या पेन्सिली, सुजलेल्या पट्ट्या, एक पेडल गायब. आणि मंकचं संगीत उतरलेल्या पियानोवर सर्वांत आधी मरतं, कारण त्याच्या त्या शेजारच्या दोन सुरांतलं अंतर नेमकं नसलं तर ते खरोखरच बेसूर होतात, आणि मग नाव वादकाचं खराब. त्या गृहस्थानं काम चोख केलं होतं. ऐका, पट्ट्या कशा टणटणीत बोलतात. सॅक्सोफोनवर चार्ली राउझ, बासवर लॅरी गेल्स, ड्रमवर बेन रायली. टेप डॅनीच्या घरी पडून राहिली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सगळं मिळून पाऊण तासाच्या आसपास, म्हणजे एका तासिकेत बसतं.

रत्नागिरीहून एक शिक्षिका: घरी फक्त पेटी आहे. मंकचं काही पेटीवर वाजवता येईल का?

येईल. ‘ब्लू मंक’ घ्या. षड्ज काळी पाच. मंकचे बरेचसे ब्लूज याच पट्टीतले. सुरुवात: ग, म, तीव्र म, प. सलग चार पट्ट्या चढायच्या, मधलं काही सोडायचं नाही. मग तीच चढण वर नेऊन: ध, कोमल नि, शुद्ध नि, तार सा. पुढचं कानानं उचला, अवघड नाही. लय संथ, बैलगाडीपेक्षा किंचित जास्त. पेटीवर सूर लांबतो, पियानोवर तो विझत जातो, म्हणून प्रत्येक सुरानंतर बोट उचला आणि भाता हलका ठेवा. तार सा आल्यावर घाईघाईनं पुढे जाऊ नका. आणि वाजवताना शेजारची पट्टी चुकून दाबली गेली तर थांबून माफी मागू नका, पुढच्या आवर्तनात त्याच जागी पुन्हा दाबा.